आरसा-पॉलिशचा स्टील रेझर: मुंबईतल्या दीड वर्षाच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी ३१६एल स्टेनलेस स्टीलचा, तीन भागांत सुटा होणारा आणि आरशासारखी चकाकी दिलेला सेफ्टी रेझर घेतला. ब्लेडच्या वरची टोपी, खालची तळपट्टी आणि मूठ हे तिन्ही भाग सळईतून यंत्रावर कातून काढलेले आहेत, एकत्रित वजन १०४ ग्रॅम भरते आणि सीमाशुल्क धरून तो मला साडेतेरा हजार रुपयांना पडला. दाढीच्या साधनासाठी ही रक्कम मोठी आहे आणि म्हणूनच तो घेऊ पाहणाऱ्यांसाठी दीड वर्षाचा अनुभव तपशिलाने लिहावा असे वाटले. कंपनीचे नाव मी मुद्दामच दिलेले नाही. हे परीक्षण एका मॉडेलचे कमी आणि या चकाकीचे जास्त आहे. अशी चकाकी देणारे उत्पादक आता बरेच झाले आहेत आणि मुंबईच्या न्हाणीघरात त्या सगळ्यांच्या रेझरवर सारखाच प्रसंग येतो.

दाढीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नवे ब्लेड लावल्यावर पहिले दोन दिवस हनुवटीखाली तो जपून फिरवावा लागतो. एरवी स्वतःच्या वजनानेच काम करतो आणि हाताने दाब देण्याची गरज पडत नाही. याच कंपनीचा हाच रेझर मॅट फिनिशमध्येही मिळतो व त्याची किंमत सुमारे दोन हजारांनी कमी आहे. एका स्नेह्यांकडचा तो रेझर मी आठवडाभर वापरून पाहिला. दाढीत काडीचाही फरक जाणवला नाही आणि तसा जाणवण्याचे कारणही नाही, कारण ब्लेड किती बाहेर डोकावते, किती वाकते आणि त्याच्यापुढे फट केवढी आहे यावर दाढी ठरते. वरचे दोन हजार केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी मोजायचे असतात. मी ते मोजले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. मात्र ती चकाकी टिकवायची कशी, याबद्दल सोबतच्या माहितीपत्रकात ‘वापरानंतर मऊ कापडाने पुसून कोरडा करावा’ एवढे एकच वाक्य आहे आणि माझ्या मते नेमके तेच चुकीचे आहे.

हे मी ठामपणे लिहितो, कारण माझ्या नोकरीची सव्वीस वर्षे ठाण्यातल्या एका कारखान्याच्या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत गेली. पोलादाच्या तुकड्याची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल, तर आधी त्याचे एक तोंड आरशासारखे करावे लागते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ४००, ६००, ८००, १२०० असे चढत जायचे, प्रत्येक नव्या पेपरवर तुकडा काटकोनात वळवून आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याची खात्री करायची आणि शेवटी मखमलीसारख्या कापडावर हिऱ्याची पेस्ट घेऊन, आधी सहा, मग तीन, मग एक मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांनी ते तोंड उजळायचे. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाकडून एक चूक हमखास होत असे. पाऊण तासाच्या मेहनतीनंतर तो तुकडा खिशातल्या रुमालाने पुसला जाई, सूक्ष्मदर्शकात पृष्ठभागभर रेघा दिसत आणि ६०० नंबरपासून सगळे पुन्हा करावे लागे. पॉलिश झालेला तुकडा पुसायचा नसतो. तो वाहत्या पाण्याखाली धरायचा, साबणपाण्यात भिजवलेला कापूस दाब न देता त्यावरून सरकवायचा, पुन्हा पाणी, मग वरून अल्कोहोल ओतायचे आणि गरम हवेच्या झोताने तो वाळवायचा. हा रेझर घरी आला तेव्हा ही शिस्त मी स्वतः पाळली नाही, त्याची हकिगत पुढे येईलच.

आरशासारखी चकाकी हा वर चढवलेला मुलामा नाही. स्टीलचाच पृष्ठभाग घासून इतका सपाट केलेला असतो की त्यावरचा उंचसखलपणा सरासरी ०.०५ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते आणि उंचसखलपणा त्या मानाने फारच थोडा असला की किरण विखुरत नाहीत, प्रतिबिंब स्वच्छ उमटते. अर्धा मायक्रॉन खोलीची रेघ, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून उथळ रेघ, मॅट पृष्ठभागावर शोधूनही सापडणार नाही. आरशावर मात्र खिडकीच्या उजेडात ती लगेच चमकते. त्यामुळे या रेझरवर चरे ‘जास्त पडतात’ असे म्हणणे बरोबर नाही. पडतात तितकेच, पण एकही लपत नाही.

आता कठीणपणाचे पाहू. ३१६एलमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य थर तयार होतो व तो गंज रोखतो. मॉलिब्डेनम असल्यामुळे खारट हवेतही तो थर सहजासहजी फुटत नाही. परंतु खुद्द धातू मऊ आहे. विकर्स मापनात त्याचा कठीणपणा साधारण १५० ते २०० भरतो, तर वाळूतल्या क्वार्ट्झचा हजाराच्या वर जातो. ब्लेडचे पोलाद तापवून, झटकन थंड करून कठीण करता येते. ३१६एल तसे करता येत नाही. गंजत नाही म्हणून ते चरतही नाही, असा समज ग्राहकांच्या मनात पक्का बसलेला आहे आणि दुकानदारही तो दूर करत नाहीत.

खरे तर याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. लग्नातल्या रुखवतातले एखादे स्टीलचे पातेले कागदात गुंडाळून माळ्यावर राहिलेले असते. तीस वर्षांनी काढले तरी त्यात तोंड दिसते. त्याच सुमारास घेतलेले रोजच्या वापरातले पातेले मात्र दुधाळ, धुरकट झालेले असते आणि त्यावर घातलेले नावही पुसट होते. गंज दोघांनाही नाही. एकाला घासणी लागली आहे आणि दुसऱ्याला लागलेली नाही.

माझ्या रेझरवर पहिल्या रेघा तिसऱ्या आठवड्यात दिसल्या. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात टोपीच्या वळणावर केसासारख्या बारीक दहा-बारा रेघा होत्या आणि त्या सगळ्या एकाच दिशेने, म्हणजे मी ज्या दिशेने रेझर पुसत असे त्याच दिशेने गेलेल्या होत्या. दाढीमुळे त्या पडल्या असत्या तर त्यांची दिशा वेगळी असती आणि मुळात ओल्या साबणाच्या फेसातून त्वचेवर फिरताना स्टीलला चरा पडण्यासारखे तिथे काही नसतेच. मी वापरत होतो तो तोंड पुसायचा स्वच्छ सुती पंचा. पंचा स्वच्छ होता, पण तो खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत असे, आणि आमच्या माहीमच्या इमारतीला लागून असलेली जुनी चाळ त्या वेळी पुनर्विकासासाठी पाडली जात होती. सिमेंट, विटा आणि वाळूची धूळ आमच्या खिडक्यांच्या गजांवर बोटाने रेघ ओढता येईल इतकी बसत होती, मग ती पंचाच्या विणीत बसली नसती तरच नवल. सुती धागा स्टीलला काही करू शकत नाही. धाग्यात अडकलेला वाळूचा कण मात्र करतो, आणि पुसताना आपण तोच कण दाब देऊन पृष्ठभागावर ओढत असतो. आज मुंबईत असा एकही रस्ता नाही जिथे कोठेतरी काही पाडले किंवा बांधले जात नाही. म्हणून ही माझ्या एकट्याची अडचण आहे असे मी मानत नाही.

त्या दिवसापासून मी पुसणे पूर्णपणे बंद केले. दाढी झाल्यावर मूठ अर्धा आटा सैल करतो, म्हणजे टोपी आणि तळपट्टी यांच्यामधला साबण पाण्याच्या धारेने निघून जातो. रेझर नळाखाली सर्व बाजूंनी फिरवतो, तोटीला तो लागणार नाही याची काळजी घेतो, दोन-तीन वेळा जोराने झटकतो आणि आटा पुन्हा अलगद बसवून स्टँडवर ठेवतो. एवढेच. पाणी आपोआप वाळते. मुद्दाम कोरडा करायचाच असेल, तर तो टिपावा, पुसू नये. आपल्या भाषेत ही दोन क्रियापदे वेगळी आहेत आणि या कामात तो फरक अक्षरशः पाळावा लागतो: कापड वरून टेकवायचे, पाणी शोषू द्यायचे आणि सरळ वर उचलायचे, जराही सरकवायचे नाही. मायक्रोफायबरचे कापड चालते, जुन्या धोतराचा मलमलीसारखा झालेला तुकडाही उत्तम. मात्र तो वेगळा धुतलेला, घरातच वाळवलेला आणि झाकणाच्या डब्यात ठेवलेला असावा. मायक्रोफायबर धूळ धरून ठेवण्यासाठीच बनवलेले असते, त्यामुळे ते उघड्यावर टांगले की पंचापेक्षाही वाईट ठरते.

आठवड्यातून एकदा, सहसा रविवारी, मी रेझर पूर्ण सुटा करतो. हे काम मोरीच्या कट्ट्यावर करू नये. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असते आणि टाइलवरचा चकचकीत थरही स्टीलपेक्षा कठीण असतो. टोपी पालथी ठेवून जरा सरकली तरी तिच्या सर्वांत उंच भागावर, म्हणजे जिथे प्रतिबिंब सर्वांत छान दिसते तिथेच चरा पडतो. प्लास्टिकच्या पसरट भांड्यात तळाशी ओले कापड अंथरून, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून मी तिन्ही भाग एकमेकांना लागणार नाहीत असे पाच मिनिटे ठेवतो. नंतर फक्त याच कामासाठी वेगळा ठेवलेला, मऊ केसांचा टूथब्रश आट्यांतून आणि मुठीच्या नक्षीतून हलकेच फिरवतो. वापरून झिजलेला टूथब्रश नको, कारण त्याच्या केसांच्या मुळाशी पेस्टची पूड साठलेली असते. टूथपेस्टने रेझर उजळण्याचा सल्ला अनेक जण देतात; तिच्यातले घासणारे कण दातांसाठी योग्य असले तरी आरसा-पॉलिशवर ते धुरकट छटा आणतात आणि ती छटा पुढे कापडाने जात नाही.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर भाग्यवान आहेत. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येणारे पाणी मुळात पावसाचे, म्हणून मृदू असते आणि ते रेझरवर आपोआप वाळले तरी सहसा डाग राहत नाहीत. मे महिन्यात आमच्या इमारतीत टँकर येऊ लागले तेव्हा चित्र बदलले. कूपनलिकेच्या त्या पाण्यातील क्षार वाळून टोपीवर पांढरे ठिपके उमटू लागले आणि साबणाची चिकट साय तळपट्टीच्या खाचांत साठू लागली. हे ठिपके नखाने किंवा कापडाने काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी या मिश्रणात भाग दोन-तीन मिनिटे ठेवले की क्षार विरघळतात. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. टँकरच्या दिवसांत मी शेवटची धार प्यायच्या फिल्टरच्या पाण्याची देतो. त्यासाठी अर्धा पेला पाणी पुरते.

रसायनांपैकी ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ते दाढीशी संबंधित नाहीच. मुंबईतल्या छोट्या घरांत संडास आणि न्हाणीघर बहुधा एकत्र असते आणि संडास धुण्यासाठी वापरले जाणारे द्रव पुष्कळदा हायड्रोक्लोरिक आम्लाचे असतात. क्लोराइड हा स्टेनलेस स्टीलचा जन्मशत्रू आहे; तो वर सांगितलेला क्रोमियमचा थर एखाद्या बिंदूपाशी फोडतो आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. चरा पॉलिशने जातो, खड्डा घालवायचा तर भोवतालचा सगळा धातू तेवढा खाली न्यावा लागतो. आम्लाच्या नुसत्या वाफाही बंद खोलीत नुकसान करू शकतात. त्यामुळे संडास धुतला जाणार असेल तेव्हा मी रेझर बाहेर आणून ठेवतो आणि घरातल्या सर्वांना तसे सांगून ठेवले आहे. त्या मानाने समुद्राच्या हवेने काही बिघडवलेले नाही. दोन पावसाळे झाले, किनारा आमच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, तरी गंजाचा एकही ठिपका रेझरवर आलेला नाही. जो तांबूस डाग एकदा आला तो ब्लेडचा होता. ब्लेडच्या पोलादात क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन भरपूर असतो, त्यामुळे ओलसर फटीत ते गंजू शकते. मी दहा दिवस गावी असताना ब्लेड आतच राहिले होते. प्रवासाला जाताना ब्लेड काढून ठेवावे.

तुरटीबद्दल अनेकांना शंका असते. दाढीनंतर तुरटी फिरवणे ही आपल्याकडची जुनी, चांगली सवय आहे आणि ती सोडण्याची गरज नाही. तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते, वाळल्यावर पांढरी पूड उरते. ३१६एलवर ती काही मिनिटे राहिली तर अपाय होत नाही. तुरटीच्या हाताने रेझर धरला तर तो ठेवण्यापूर्वी एकदा नळाखाली धरला की काम झाले.

मोठे नुकसान झाले ते गेल्या दिवाळीच्या साफसफाईत. मी बाहेर गेलो होतो आणि घरी न्हाणीघरातले नळ, बादल्या, तांब्ये उजळण्याचे काम चालू होते. रेझरही मनापासून, प्रेमाने उजळला गेला: तांब्यापितळेची भांडी घासायची पूड आणि तारेची घासणी वापरून. मी परतलो तेव्हा टोपीचा आरसा संपूर्ण गेला होता. सौ.ला फार वाईट वाटले. चूक माझी होती, कारण ही वस्तू कशी धुवायची नाही हे मी तोवर घरात कोणाला सांगितलेच नव्हते. महागडी आणि नाजूक वस्तू सामाईक जागेत ठेवणाऱ्याने ती जबाबदारी आधीच पार पाडावी.

यानंतरचा भाग सेवेचा आहे. गुलालवाडी आणि किका स्ट्रीटचा परिसर म्हणजे स्टील, पितळ, तांबे यांच्या सळया आणि पत्र्यांची मोठी बाजारपेठ. तिथल्या एका व्यापाऱ्याने मला शेजारच्या गल्लीतल्या बफिंगच्या, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू उजळण्याच्या, एका छोट्या कारखान्याचा पत्ता दिला. जागा जेमतेम दहा फूट बाय बारा फूट, दोन मोटारी, भिंतीवर टांगलेली सुती चाके आणि हवेत तरंगणारा काळा धागा. असल्या ठिकाणी सहसा जिन्याचे कठडे, दरवाजाच्या मुठी आणि देवळाच्या समया येतात. कारागिराने टोपी उजेडात धरून पाहिली आणि विचारले, “काका, कडा पण मारायच्या?” या एका प्रश्नावरून मला त्याच्याविषयी खात्री वाटली.

कडांचा प्रश्न रेझरमध्ये कळीचा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत ज्या रचनेचे पेटंट १९०४ साली मिळाले, तिचेच तत्त्व आजच्या तीन भागांच्या रेझरमध्ये आहे: एक दशांश मिलिमीटर जाडीचे लवचिक ब्लेड टोपी आणि तळपट्टी यांच्यामध्ये दाबून वाकवायचे आणि त्याची धार ठरावीक मापाने बाहेर ठेवायची. हे माप मिलिमीटरच्या शतांशांत असते. बफच्या चाकाने टोपीची कड किंवा तळपट्टीचा सेफ्टी बार, म्हणजे ब्लेडच्या धारेपुढची तिची कड, थोडा जरी गोल झाला, तरी ब्लेड अधिक बाहेर येते आणि तोच रेझर कापू लागतो. तेही दोन्ही बाजूंना सारखे नाही. म्हणून पुन्हा पॉलिश करवून घेताना टोपीची फक्त वरची पाठ आणि मुठीचा गुळगुळीत भाग द्यावा. तळपट्टी देऊच नये. तिच्यावरचे आणि टोपीच्या आतल्या बाजूचे ब्लेडच्या कोपऱ्यांनी पडलेले चरे वापरताना दिसत नाहीत आणि दाढीत अडथळा आणत नाहीत.

कारागिराने टोपीच्या दोन्ही कडांना चिकटपट्टीचे तीन थर लावले, घासणीचे खोल चरे आधी हाताने ८०० आणि १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी वापरून काढले, मग सुती चाकावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी लावून दोन फेऱ्या दिल्या आणि शेवटी कोरड्या, सैल चाकावर चकाकी आणली. प्रत्येक फेरीनंतर तो टोपी पाण्यात बुडवत होता, कारण चाकाच्या घर्षणाने पातळ भाग तापतो आणि तापलेल्या स्टीलवर पिवळसर झाक येते. चाळीस मिनिटे लागली, तीनशे रुपये झाले. पन्नास जास्त दिले ते मी आपण होऊन. घरी आल्यावर भिंगातून पाहिले. मूळच्या आरशाच्या जवळपास नव्वद टक्के दर्जा आलेला आहे, कडा शाबूत आहेत आणि दाढीत बदल नाही.

एक उणीवही नोंदवतो. मूठ मी दाखवली नव्हती, तरी हौसेने तिथल्या दुसऱ्या मुलाने तिच्यावर चाक फिरवले. मुठीवरच्या बारीक नक्षीची टोके बोथट झाली, खाचांत हिरवा मेणचट मसाला बसला आणि ओल्या हातात पकड पूर्वीइतकी राहिली नाही. मसाला कोमट साबणपाण्याने निघाला, टोके परत येणार नाहीत. काम देताना जो भाग करायचा नाही तो सोबत नेऊच नये, हे मी त्यातून शिकलो. हा अपवाद वगळता ही सेवा मी मनापासून सुचवेन, आणि त्या भागात अशी कामे करणारे एकापेक्षा अधिक आहेत.

रोजच्या वापरातली दोन किरकोळ वाटणारी ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे आटे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे घासले की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून फाटतात आणि आटे धरतात. एकदा तसे झाले की मूठ निघतच नाही. महिन्यातून एकदा आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका लावावा आणि मूठ बोटांच्या जोरानेच आवळावी. दुसरे म्हणजे स्टँड. सोबत मिळालेला स्टँडही स्टीलचाच आहे आणि त्याच्या चिमट्यात रेझरची मान रोज घासून मानेभोवती निस्तेज कडे पडत होते. लोहार चाळीतून विजेच्या तारांवर चढवतात ती आकसणारी नळी फूटभर आणली, चिमट्याच्या दोन्ही दांड्यांवर चढवून गरम हवेने बसवली. खर्च वीस रुपये आणि तेव्हापासून ते कडे वाढलेले नाही.

मग घ्यावा का? बाजारातले बरेच स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे आणि वर क्रोमियमचा मुलामा दिलेले असतात. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण नवा असताना तो मुलामा माझ्या महागड्या स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असतो आणि पंचाने पुसूनही त्यावर सहसा रेघा पडत नाहीत. मात्र तो मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ असतो. एकदा तो कोठे फुटला की खालचे जस्त खात जाते, फुगवटे येतात आणि अशा रेझरला बफ लावणे म्हणजे उरलेला मुलामाही घालवणे. चोरबाजारात मिळणाऱ्या, पितळेवर मुलामा दिलेल्या जुन्या जिलेट रेझरनाही पॉलिश करताना हीच खबरदारी हवी. स्टेनलेसवर चरे लवकर पडतात, परंतु आतपर्यंत धातू एकच असल्यामुळे तो पुनःपुन्हा उजळता येतो. मी साडेतेरा हजार मोजले ते या एका गुणासाठी, आणि दिवाळीच्या प्रसंगानंतर तो निर्णय योग्य होता असे मला वाटते.

घेणाऱ्याने विक्रेत्याला धातूची प्रत नक्की विचारावी. ३०३ प्रतीचे स्टेनलेस यंत्रावर सहज कातले जावे म्हणून त्यात गंधक मिसळलेले असते. त्या गंधकामुळे पृष्ठभागावर बारीक रेषा आणि ठिपके राहतात, पूर्ण आरसा कधीच येत नाही आणि खारट हवेत टिकावही कमी लागतो. धातूची पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून केलेल्या रेझरमध्ये सूक्ष्म छिद्रे असू शकतात व पॉलिश करताना ती उघडी पडतात. रेझर हातात घेऊन पाहण्याची सोय असेल, तर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब टोपीच्या पाठीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्यावे. प्रतिबिंबाची कड सरळ राहिली तर काम चांगले. ती लाटांसारखी हलली तर घाईत बफ मारून चरे झाकलेले आहेत असे समजावे.

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात सल्ला विचारला. तो गोरेगावला चार मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो, न्हाणीघर सामाईक आहे आणि सकाळी सातची लोकल पकडायची असते. त्याला मी मॅट फिनिश घ्यायला सांगितले, आणि उरलेल्या दोन हजारांत ब्लेडचा वर्षभराचा साठा व चांगला ब्रश येईल असेही सांगितले. माझा रेझर सध्या न्हाणीघराबाहेरच्या फडताळात असतो. बफिंगनंतरच्या आठ महिन्यांत टोपीवर तीन रेघा पडल्या आहेत. त्यांपैकी दोन ब्लेड बदलताना जुन्या ब्लेडचा कोपरा टोपीच्या पाठीला लागून पडलेल्या आहेत, म्हणून आता मी ब्लेड दोन्ही बाजूंच्या बोथट टोकांना धरून सरळ वर उचलतो. तिसरी कशाने पडली ते मला अजून सापडलेले नाही.